मृदुकायातून संधिपादात

शंखभाऊंची बदली एका प्राण्यामुळे झाली. तो प्राणी मरून फार वर्षं झाली होती, त्यामुळे त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता.

आमचं संग्रहालय कणा नसलेल्या प्राण्यांचं आहे. कणा असलेल्यांची इमारत शेजारी. तिला बाग आहे, कारंजं आहे, दारात पेंढा भरलेला वाघ आहे. जगातले बहुतेक सगळे प्राणी कणा नसलेले, म्हणजे हिशेबाने आमचेच. पण लोक मुलांना घेऊन तिकडे जातात आणि आमच्याकडे पाऊस आला तर येतात. तिकडचे कर्मचारी आम्हाला ओळख देत नाहीत. आम्ही ते मनाला लावून घेत नाही, कारण आमचं आपसातलंच इतकं आहे की बाहेरचं लागत नाही.

संस्थापकांनी इमारतीची मांडणी वजनावर केली. शंख-शिंपले जड, म्हणून मृदुकाय विभाग तळमजल्यावर. पहिल्या मजल्यावर बरण्या: जेलीफिश आणि कृमी. कृमींमध्ये चपटे, गोल आणि गांडुळासारखे वलयी असे तीन विभाग आहेत आणि त्यांच्यात विस्तव जात नाही. दुसऱ्यावर वाळवलेले तारामासे, म्हणजे कंटकचर्मी. तिसऱ्यावर ग्रंथालय, तिथे कुणी नसतं. आणि किडे हलके म्हणून संधिपाद विभाग चौथ्यावर. खेकडे वजनदार असतात, पण ते किड्यांच्याच नात्यातले, म्हणून त्यांनाही वर नेलं. स्पंजांचा विभाग जिन्याखाली आहे. तिथे एकच माणूस आहे आणि तो सेवेत आहे की निवृत्त झाला, यावर दोन मतं आहेत.

इतकं करून संस्थापक थांबले नाहीत. घरी गेल्यावरही माणसाला आपण कुणाचे हे कळावं, म्हणून त्यांनी मागची राहती इमारत त्याच नकाशावर बांधली. ज्याचा प्राणी ज्या मजल्यावर, त्याचं बिऱ्हाडही त्याच मजल्यावर. लिफ्टचा विषय निघाला नाही. किड्यांना तिची गरज नव्हती.

माणूस ज्यांच्यात बसतो त्यांच्यासारखा होतो म्हणतात. आमच्याकडे ते जरा जास्तच झालं. मृदुकायची मंडळी सावकाश, ओलसर स्वभावाची; कुणी आवाज चढवला की आत जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. संधिपादवाले संख्येने अफाट, सारखे खुडबुड करणारे. दरवर्षी जुनी संघटना कातीसारखी टाकून देतात आणि थोडी मोठी नवी काढतात. कंटकचर्मींमधला एखादा माणूस कमी केला, तर काही महिन्यांत त्या जागी दुसरा उगवलेला असतो. त्याला कोणी नेमलं ते कळत नाही.

शंखभाऊ जन्मजात मृदुकाय वाटत. गोल, मऊ, हळू आवाजाचे. हे नाव त्यांना खात्याने दिलं. निम्मे लोक ते प्रेमाने घेत आणि उरलेले विशेषण म्हणून वापरत. भाऊ दोन्हींना 'ओ' देत.

त्यांच्या ताब्यात एकच कपाट होतं, पण ते भिंतभर होतं. कुण्या निवृत्त कप्तानाने दिलेला बार्नॅकलचा संग्रह त्यात होता. बार्नॅकल म्हणजे खडकाला किंवा जहाजाच्या तळाला चिकटून राहणारा, पांढरट, दाताएवढा, शेंडा उघडा असलेला बुटका डोंगर. कप्तानाने आवड म्हणून जहाजाच्या तळाच्या फळ्याच कापून पाठवल्या होत्या. त्यानंतर जहाजाचं काय झालं, याची माहिती नाही. कपाटावर संस्थापकांच्या हाताने लिहिलं होतं, 'मृदुकाय?' शेवटचं ते प्रश्नचिन्ह आजवर कुणी मनावर घेतलं नव्हतं.

नव्या बाईंनी ते पहिल्याच आठवड्यात घेतलं. या बाई परगावच्या मोठ्या संस्थेतून वर्गीकरण तपासायला आल्या होत्या. चष्मा, कापूस गुंडाळलेला चिमटा आणि कुणालाही न दुखावता खरं सांगायची वाईट खोड, एवढं त्यांचं सामान.

"हा मृदुकाय नाही," त्या म्हणाल्या.

"कवच आहे की, बाई," भाऊ म्हणाले.

"कवच तर कासवालाही असतं."

"कासव कणावाल्यांचं. तिकडे मी जात नाही."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. बार्नॅकलचं पिल्लू पाण्यात मोकळं पोहतं. त्याला सांध्यांचे पाय असतात, कोळंबीच्या पिल्लासारखे. मग एके दिवशी त्याला एखादी जागा आवडते. तिथे ते स्वतःचं डोकं चिकटवून टाकतं, भोवती चुन्याच्या पाट्यांचं घर बांधतं आणि उरलेला जन्म उलटं राहून, वरच्या दारातून पाय बाहेर काढून, वाहत येईल ते आत ओढून खातं.

"पाय आहेत, पण चालत नाही?" भाऊंनी विचारलं.

"नाही."

"पायांनी जेवतो?"

"हो."

"डोक्यावर उभा राहून?"

"हो."

भाऊ विचारात पडले. इतकी वर्षं ज्याला ते मऊ ब्रशने पुसत होते, तो असलं काही करत असेल अशी त्यांना शंका आली नव्हती. "पण स्वभावाने तो आमच्यातलाच वाटतो हो," ते म्हणाले.

"स्वभाव आपण धरत नाही," बाई म्हणाल्या. "सांधे धरतो. हा खेकड्यांचा नातलग. संधिपाद."

यावर खरं म्हणजे एक कपाट चौथ्या मजल्यावर जायचं आणि गोष्ट संपायची. पण आमच्याकडे रखवालदार प्राण्याच्या मागे जातो. हेडक्लार्कनी भाऊंना बोलावून नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. "प्राणी जिथे, माणूस तिथे. माणूस जिथे, बिऱ्हाड तिथे. महिनाअखेर तुम्ही चौथ्यावर, शंखभाऊ. अभिनंदन. वर हवा चांगली आहे."

"साहेब, घरी आई आहे."

"तिलाही हवा मिळेल."

आई हाच खरा प्रश्न होता. भाऊंची आई तळमजल्याच्या खिडकीत बसत असे. बसत असे म्हणणं कमी आहे. ती तिथे होती. देहाने भारदस्त, गुडघे संपावर, पण जीभ आणि उजवा हात शाबूत. सगळी गल्ली त्या खिडकीवरून जायची. शेजारणी बाहेर जाताना किल्ल्या तिच्याकडे ठेवत, पोस्टमन सगळ्या इमारतीची पत्रं तिच्या हाती देऊन मोकळा होई, भाजीची हातगाडी तिथे थांबल्याशिवाय पुढे सरकत नसे. आई गजांतून हात बाहेर काढी आणि कोथिंबीर, बातमी, चुगली, जे मिळेल ते आत घेई. दोन लग्नं त्या खिडकीत जुळली होती आणि एक मोडलं होतं. मोडलेलं चांगल्यासाठीच मोडलं, असं ती म्हणे. नवरा मुलगाही तसंच सांगत होता.

चौथ्या मजल्यावर तिला चढवता येणार नव्हतं, आणि कसंबसं चढवलं असतं तर गल्ली खाली राहिली असती. तिथे आई किती दिवस काढेल, हे भाऊंना कुणी सांगावं लागलं नाही.

ही बातमी तिला जेवताना कळली.

"चौथा मजला? मी काय किडा आहे?"

"आई, सरकारी दृष्टीने थोडंफार तसंच झालंय."

"तुझ्या त्या पांढऱ्या दातांनी मला देशोधडीला लावलं. मी तेव्हाच म्हणत होते, कालवं घे. कालवांना भवितव्य आहे. पण आमच्या शंखाला कपाट भिंतभर हवं!"

"मी मागितलं नव्हतं, आई. मिळालं."

"मिळालं! तुला सर्दीसुद्धा मिळतेच. म्हणून घेतोस का?" आईने पोळीचा तुकडा मोडला. "जा आणि सांग त्यांना, आम्ही मूळचे इथले, तुझा बापही मृदुकायातच होता. तो प्राणी खोटं बोलला असेल, आम्ही नाही."

भाऊंना त्यात मुद्दा दिसला. त्यांनी अर्ज केला: प्राणी संधिपाद निघाला असला तरी अर्जदार स्वतः दीर्घ सहवासाने मृदुकाय झालेला आहे, सबब त्याचे वर्गीकरण प्राण्यापासून वेगळे करावे. आम्हाला वाटलं, हेडक्लार्क हसतील. ते हसले नाहीत. "मागणी नियमात बसते," ते म्हणाले. "तपासावं लागेल."

चौकशी समिती नेमली गेली. मृदुकायचे साहेब, संधिपादचे साहेब, नव्या बाई आणि कागदपत्रांसाठी हेडक्लार्क. स्थळ, बैठकीची खोली. टेबलावर एक भिंग, एक मोजपट्टी आणि चहा. भाऊंना बनियनवर उभं केलं. लाज वाटू नये म्हणून बाईंनी खिडकीकडे तोंड केलं आणि सगळी चौकशी कानाने ऐकली.

मृदुकायचे साहेब सज्जन गृहस्थ. त्यांना भाऊ हवे होते. त्यांच्या विभागात गाढ झोपूनही काम करणारं माणूस दुसरं नव्हतं. त्यांनी भाऊंचा दंड दोन बोटांनी दाबला. "मऊ," ते समाधानाने म्हणाले. "अंग मऊ, हाडाचा पत्ता नाही. लिहून घ्या."

"पोटावर वळ्या आहेत," संधिपादचे साहेब म्हणाले. त्यांना भाऊ नको होते, पण दुसऱ्याला मिळू नयेत एवढी त्यांची इच्छा शुद्ध होती. "शरीर खंडांचं आहे. हे बघा: एक, दोन..."

"वळ्या आहेत त्या. खंड नव्हेत."

"खंड नसतील तर वलयं असतील. मग गांडुळांत पाठवा."

"वलयींकडे एकच खोली रिकामी आहे," हेडक्लार्क म्हणाले. "तिला खिडकी नाही."

"नको, नको," भाऊ घाईने म्हणाले.

"मृदुकायला एक मांसल पाय असतो," संधिपादचे साहेब म्हणाले. "यांना दोन आहेत."

"माकुलीला दहा असतात, मग ती काय मृदुकाय नाही?" मृदुकायचे साहेब तापले. त्यांच्या मानाने ते तापणं म्हणजे आवाज किंचित कोरडा होणं होतं. "कवच नसलेले आमच्यात आहेत, कवच आत लपवलेले आहेत, आठ तुकड्यांचं कवच घालणारे आहेत, शेतातली बिनकवचाची गोगलगाय आमचीच आहे. आमच्याकडे सगळे चालतात. आम्ही मोठ्या मनाचे आहोत."

"मोठ्या मनाचं वर्गीकरण नसतं," खिडकीकडून बाई म्हणाल्या. "एक सांगू का? यांना कणा आहे."

हेडक्लार्कनी पेन खाली ठेवलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तसं धरायला लागलो तर आपण सगळेच शेजारच्या इमारतीत जाऊ. तिथे जागा नाही."

हा मुद्दा सर्वांना पटला आणि कण्याचा विषय वगळला गेला.

"बसा," संधिपादचे साहेब भाऊंना म्हणाले. भाऊ बसले. "उठा." भाऊ उठले आणि त्यांचा डावा गुडघा सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठ्याने कडकन वाजला.

"सांधा," संधिपादचे साहेब म्हणाले.

"सांधे सगळ्यांनाच असतात!"

"आपण सगळ्यांची चौकशी करत नाही आहोत."

मृदुकायचे साहेब काहीतरी बोलणार होते. पण आवाज चढले होते, आणि सवयीने ते आत गेले. बाहेर आले तेव्हा निर्णय लिहून झाला होता: अर्जदार संधिपाद आहे, आणि समितीच्या मते पूर्वीपासून होता.

घर रिकामं करायच्या दिवशी चार हमाल आले. भांडी गेली, गाद्या गेल्या, पंखा गेला. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, चौथ्यावर पाणी येतं का बघायला गेल्या त्या दमून तिथेच बसल्या. शेवटी खोलीत आई आणि तिची आरामखुर्ची उरली.

"आजी, उठा जरा," हमालांचा मुकादम म्हणाला.

"उठेन की. तू आधी बस इथे, मी तुझं ओझं नेते."

मग त्यांनी खुर्चीसकट उचलायचं ठरवलं. चौघांनी चार पाय धरले, आई मध्ये राणीसारखी, तोंडाने "भिंत सांभाळा, रंग ओला होता तेव्हा मी स्वतः लक्ष ठेवलंय" असं चालू. दारापाशी खुर्ची अडली. आडवी करून बघितली, आईसकट करता येईना. आईला क्षणभर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून रिकामी खुर्ची फिरवून बघितली. मुकादमाने मोजून सांगितलं, दारापेक्षा खुर्ची वीतभर रुंद आहे.

"मग आत आली कशी?" हेडक्लार्कनी विचारलं. ताबा घेण्यासाठी ते, दोन्ही साहेब आणि बाई बाहेर उभे होते.

"खुर्ची आधी आली," आई म्हणाली. "चौकट नंतर बसवली. खिडकीचे गजही नंतरचे. मी बसले होते, सुतार माझ्याभोवती काम करून गेला. भला माणूस होता, भुसा डोळ्यांत गेला नाही."

नव्या बाई पुढे आल्या. त्यांनी आईकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग आईची पुन्हा खुर्चीत स्थापना होईपर्यंत थांबल्या.

"आजी, लहानपणी कुठे होतात?"

"कुठे नव्हते, ते विचार. बापाची बदलीची नोकरी. या गावाहून त्या गावाला. एका जागी टिकून शाळा झाली नाही."

"मग इथे कशा?"

"लग्न करून आले, खिडकी आवडली. बसले." तेवढ्यात बाहेरून हातगाडी चालली होती. आईचा हात गजांतून बाहेर गेला आणि काकडी घेऊन आत आला. "का गं?"

बाई हेडक्लार्ककडे वळल्या. त्या गंमत करत होत्या का, हे आजही कुणी सांगू शकत नाही. चेहऱ्यावर वर्गीकरणाखेरीज काही नव्हतं. "लहानपणी मोकळं हिंडणं. वयात आल्यावर जागा निवडणं. मग कायमचं स्थिर होणं, भोवती घर तयार होणं आणि दारातून अवयव बाहेर काढून वाहतं अन्न आत घेणं. समितीने मुलाला संधिपाद ठरवलंच आहे. आई कोण, हे उघड आहे."

"बार्नॅकल," संधिपादचे साहेब म्हणाले. त्यांना ते म्हणायचं नव्हतं, पण अभ्यास आडवा आला.

"चिकटलेला प्राणी खरवडून काढत नाहीत," बाई म्हणाल्या. "पाट्या फुटतात, नमुना वाया जातो. तो ज्या दगडावर असेल त्या दगडासकटच नोंदवायचा असतो. कप्तानांनी फळ्या कापल्या त्या म्हणूनच."

हेडक्लार्कनी खोलीच्या भिंती बघितल्या. "म्हणजे दगड..."

"ही खोली."

"ही कापून वर नेता येणार नाही."

"नेऊ नका. जिथे आहे तिथेच संधिपादांची म्हणून नोंदवा."

"वा रे वा!" मृदुकायचे साहेब एकदाचे कवचातून बाहेर आले. "तळमजला आमचा आहे!"

"जहाजाचा तळही जहाजाचाच असतो, साहेब. म्हणून त्यावरचा बार्नॅकल जहाज होत नाही."

मृदुकायच्या साहेबांनी यावर विचार करण्यासाठी वेळ मागितला. अजून ते विचार करत आहेत. संधिपादच्या साहेबांना मात्र एकदम उमगलं की तळमजल्यावर आपली एक खोली होते आहे, तीसुद्धा शत्रूच्या मधोमध. त्यांनी जागच्या जागी सही केली. हमालांनी गाद्या, भांडी, पंखा आणि वहिनी, सगळं पुन्हा खाली आणलं.

दारावर आता चौथ्या मजल्याचा क्रमांक आहे. नवा पोस्टमन पत्र घेऊन चार जिने चढतो, तिथे कुलूप बघतो, घाम पुसत उतरतो आणि खिडकीत आईला पत्र देतो. मृदुकायचे शेजारी भाऊंशी पूर्वीसारखेच बोलतात, फक्त आता 'तुम्ही लोक' म्हणून सुरुवात करतात. भाऊ रोज चौथ्या मजल्यावर कामाला जातात. जिन्यामुळे ते थोडे वाळले, आणि परवा कुणाशी तरी वाद घालताना दिसले, असंही ऐकतो.

आईला प्राणी म्हटल्याचा राग आला असेल, अशी भाऊंना धास्ती होती. त्या दिवशी सामान लागल्यावर ते खाली मान घालून तिच्यापुढे बसले.

"काय म्हणाली ती पोरगी? काय नाव त्याचं?"

"बार्नॅकल."

"तो हलत नाही?"

"अजिबात नाही."

"आणि त्याला कुणी हलवतही नाही."

"नियम आहे तसा."

"मग ठीक आहे. तुझ्या बापाने मला याहून वाईट नावं ठेवली होती, आणि नियम एकही नव्हता." तिने गजांतून वर बघितलं. मग म्हणाली, "काय रे, वरून काय दिसतं?"

"कुठून?"

"चौथ्यावरून. तू गेला होतास ना खोली बघायला?"

"छपरं दिसतात, आई. आणि आभाळ."

"येणारं-जाणारं माणूस?"

"माणूस नाही दिसत. डोकी दिसतात, तीही लहान."

"भाजीची गाडी?"

"गाडीचं वरचं फडकं तेवढं दिसतं."

आईने मान हलवली. तिला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं.

"अरे, मग ते लोक जगतात तरी कशावर?"